लिनिअर अल्जिब्रा कुठून शिकावा: ग्रँट सँडरसन की गिल्बर्ट स्ट्रँग?

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या कारखान्याच्या डिझाइन विभागात काम करतो, तिथे गेल्या वर्षी यंत्रांच्या कंपनांचे विश्लेषण माझ्याकडे आले आणि डिप्लोमाच्या वेळी जेमतेम निभावून नेलेला लिनिअर अल्जिब्रातला मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकोनी मांडणीचा) भाग मला पुन्हा मुळापासून शिकावा लागला. सिडकोतल्या घरी रात्रीची जेवणे आटोपल्यावर दीड तास, असे सात-आठ महिने मी यूट्यूबवर शिकलो. यंदा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या पुतणीने विचारले, ‘काका, नक्की कोणते चॅनेल लावू?’ तिला जे सांगितले तेच येथे जरा विस्ताराने मांडतो.

निवड शेवटी दोघांत उरते. थ्री-ब्लू-वन-ब्राउन हे ग्रँट सँडरसन यांचे चॅनेल. त्यांची या विषयावरची मालिका २०१६ मधली असून बहुतेक भाग पाव तासाच्या आत संपतात. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या विनामूल्य उपक्रमात गिल्बर्ट स्ट्रँग यांची १९९९ साली वर्गात चित्रित केलेली व्याख्याने आहेत, प्रत्येकी साधारण पाऊण तासाची.

सँडरसन यांच्याविषयी मनात आदरच आहे. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन नसून साऱ्या प्रतलाला ताणणारी, फिरवणारी क्रिया आहे, हे त्यांच्या हलत्या जाळीमुळे मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. त्या क्रियेत क्षेत्रफळ किती पटींनी बदलते ते मॅट्रिक्सवरून काढलेला डिटर्मिनंट नावाचा आकडा सांगतो, ही गोष्ट तर मला वर्गात कुणी सांगितलीच नव्हती. ही चित्रे ते स्वतः लिहिलेल्या संगणक-प्रणालीतून काढतात, आणि त्यांतली एकही केवळ शोभेसाठी आलेली नाही.

तरीही मला एक अडचण सतत जाणवत राहिली, आणि माझा कौल तिनेच ठरवला. चित्रे पाहताना वही भरत नाही. उजव्या हातात पेन्सिल, डावा हात स्पेसबारवर, दर दहा सेकंदांनी थांबवायचे, लिहायचे, पुन्हा चालू करायचे, आणि तेवढ्यात विचाराचा धागा तुटायचा. न थांबवता पाहिले, तर सारे समजल्यासारखे वाटे. मात्र दुसऱ्या दिवशी कारखान्यात साध्या दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू (त्या क्रियेत ज्या दिशा वळत नाहीत, त्या किती पटींनी ताणल्या जातात ते सांगणारे आकडे) काढताना हात अडे.

स्ट्रँग खडूने लिहितात, आणि खडूचा वेग हा हाताचाच वेग असतो. ते फळ्यावर लिहीत होते तेव्हा मी वहीत लिहीत होतो. थांबवण्याची गरज क्वचितच पडली. पहिल्याच तासाला ते २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३ ही दोन समीकरणे घेतात. आधी दोन रेषा काढून त्यांचा छेदनबिंदू दाखवतात, आणि मग तीच समीकरणे स्तंभांकडून, म्हणजे क्ष आणि य यांच्या गुणकांच्या उभ्या रांगांकडून, पाहायला लावतात: (२, −१) हा स्तंभ एकदा आणि (−१, २) हा दोनदा घेतला की (०, ३) मिळतो. ही बेरीज मी स्वतःच्या हाताने केली, म्हणून ती आजही डोक्यात पक्की आहे.

हा अनुभव माझ्या एकट्याचा असेल, असे मला वाटत नाही. व्हेरिटॅसियम हे विज्ञानाचे चॅनेल सुरू करणारे डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठातील आपल्या पीएच.डी.साठी भौतिकशास्त्राच्या चित्रफिती तपासल्या होत्या. स्वच्छ, सरळ समजावून सांगणाऱ्या फिती विद्यार्थ्यांना सोप्या वाटल्या, पण चाचणीत त्यांची फारशी प्रगती दिसली नाही. प्रचलित गैरसमज आधी मांडून मग खोडणाऱ्या फिती त्यांना गोंधळाच्या वाटल्या, आणि शिकणे मात्र त्यांतूनच अधिक झाले.

अर्थात ज्यांना गणिते सोडवायची नाहीत, केवळ विषयाचे स्वरूप जाणून घ्यायचे आहे, त्यांनी निःशंकपणे सँडरसन यांच्याकडे जावे. परीक्षेची शिस्त हवी असणाऱ्यांसाठी आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम आहे. तिथे व्याख्याने विनामूल्य आणि दर आठवड्याला स्वाध्याय असतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढे शुल्क पडते.

पुतणीला मी स्ट्रँग यांच्यापासूनच सुरुवात करायला सांगितले आहे. डिटर्मिनंटपर्यंत पोहोचल्यावर एक संध्याकाळ वही मिटून सँडरसन यांचा त्यावरचा भाग पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्याकडे वळायचे, असे आमचे ठरले आहे.