बोक्याच्या मुतखड्यावरचं खाणं: आठ महिने वापरून झाल्यावर

घाईत असाल तर आधी एवढंच वाचा. तुमचा बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, ओरडतोय आणि थेंबही पडत नाहीये, असं असेल तर मोबाइल खाली ठेवा आणि त्याला उचलून डॉक्टरकडे न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी. बोक्याची लघवीची नळी इतकी बारीक असते की चिकट, वाळूसारख्या कणांनीही ती बुजते. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं, हृदय गडबडतं आणि एक-दोन दिवसांत जनावर जातं. खाण्याची निवड वगैरे त्यानंतर.

मी स्वतः मात्र पूर्ण एक दिवस घालवला होता. माझा बोका गोट्या कुंथत होता, मला वाटलं शी होत नाहीये. चमचाभर तूप चाटवलं आणि कामावर निघून गेले. संध्याकाळी आले तेव्हा तो कपाटाखाली अंग चोरून पडला होता आणि पोट दगडासारखं लागत होतं. एका दवाखान्याने फोनवर ‘सकाळी आणा’ म्हटलं. दुसऱ्या डॉक्टरांनी रात्रीच घेतलं, भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाइन. एक्स-रेमध्ये मूत्राशयात दोन खडे दिसले, मोठा तुरीच्या डाळीएवढा. गोट्या तेव्हा पाच वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन पावणेपाच किलो. (हो, नाव गोट्या आणि पोटात खडे. हा विनोद नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीने करून झालाय.)

डॉक्टरांकडून निघताना चिठ्ठीवर औषधं थोडी आणि खाण्याचं नाव मोठं लिहिलेलं होतं. मला तेव्हा वाटलं, हे विकण्याचे धंदे. आठ महिन्यांनंतर मत बदललंय, पण पूर्ण नाही.

मांजरांच्या मूत्राशयातले खडे मुख्यतः दोन जातींचे. स्ट्रुवाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट; आणि कॅल्शियम ऑक्झलेट. स्ट्रुवाइट खाण्याने विरघळतो. ऑक्झलेट कुठल्याही खाण्याने विरघळत नाही, तो काढावाच लागतो, आणि खाणं पुढचा खडा टाळण्यापुरतं. एक्स-रेमध्ये दोन्ही पांढरेच दिसतात, त्यामुळे फोटोवरून जात ठरत नाही. गोट्याच्या लघवीचा पीएच, म्हणजे आंबटपणा मोजणारा आकडा, ७.५ होता (७च्या वर म्हणजे आंबट नाही), सूक्ष्मदर्शकाखाली शवपेटीच्या झाकणासारखे स्फटिक होते, म्हणून डॉक्टर म्हणाले, ‘बहुतेक स्ट्रुवाइट. चार आठवडे खाणं देऊ, फोटो काढू. खडा लहान झाला तर आपण बरोबर, नाही झाला तर ऑपरेशन.’ या ‘बहुतेक’ने मी घाबरले होते. पण पद्धत हीच आहे. खडा हातात आल्याशिवाय त्याची पक्की तपासणी होतच नाही.

लघवीच्या नमुन्याबद्दल एक कामाची गोष्ट. मी पहिला नमुना फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी नेला. थंड लघवीत स्फटिक आपोआप तयार होतात, त्यामुळे तो फेकावा लागला. ताजाच न्या.

आता बाबा. बाबा वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोळसा खाणींची कंपनी) निवृत्त झालेत आणि त्यांना स्वतःला दोनदा मुतखडा होऊन गेलाय. ‘काहून वं, एवढ्या महागाचं खाणं? मले पंधरा दिवस कुळथाचं कढण देल्लं होतं तुह्या आजीनं, पडला ना खडा!’ त्यांनी खरोखर कुळीथ भिजत घातले. शेजारच्या काकू म्हणाल्या पालक-टमाटर बंद करा. बोका पालक खातो का, हे कोणी विचारलं नाही. माणसाचा खडा बहुतेक वेळा मूत्रपिंडातला आणि ऑक्झलेटचा. गोट्याचा मूत्राशयातला आणि वेगळ्याच रसायनाचा. बाबांना हे पटवायला एक रविवार गेला. कढण शेवटी त्यांनीच प्यायलं.

दुकानात गेल्यावर पहिली फसगत झाली. ‘युरिनरी केअर’ असं लिहिलेल्या पिशव्या साध्या खाण्यातही असतात आणि दुकानदार त्याच पुढे करतो, कारण त्या स्वस्त आहेत आणि चिठ्ठी लागत नाही. त्या निरोगी मांजरासाठी आहेत. असलेला खडा विरघळवायचा दावा असलेलं खाणं वेगळं, त्यावर ‘व्हेटरिनरी डाएट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. माझ्यासमोर आले ते रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ, हिल्सचं सी/डी मल्टिकेअर आणि फार्मिनाचं व्हेट लाइफ स्ट्रुवाइट. तिघांचा मूळ डाव सारखाच: मॅग्नेशियम आणि फॉस्फरस आटोक्यात, लघवी थोडी आम्लधर्मी. पुढे वाटा फुटतात. रॉयल कॅनिन मीठ जरा जास्त ठेवून मांजराला पाणी प्यायला लावतं. फार्मिनाची ‘स्ट्रुवाइट’ आणि ‘स्ट्रुवाइट मॅनेजमेंट’ अशी दोन पाकिटं आहेत, पहिलं विरघळवायला आणि दुसरं नंतर टिकवायला. ऑनलाइन मागवताना नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. हिल्सच्या सी/डीमध्ये ‘स्ट्रेस’ नावाचा एक प्रकार आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल.

बाबांनी एक प्रश्न फार चांगला विचारला. लघवी आंबट केल्याने खडा विरघळतो, तर मग आंबटच करत राहायचं का? नाही. १९८०च्या दशकात कंपन्यांनी स्ट्रुवाइट टाळायला मांजरांच्या खाण्यातलं मॅग्नेशियम घटवलं आणि आम्लता वाढवली. पुढच्या काळात स्ट्रुवाइट कमी झाले आणि ऑक्झलेट वाढले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचं एक केंद्र १९८१पासून प्राण्यांचे खडे तपासतंय, त्यांच्या आकड्यांत हा बदल दिसतो. म्हणून हे खाणं मनाने सुरू करायचं नाही, त्यासोबत लघवी आंबट करणारं दुसरं औषध द्यायचं नाही, आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत.

मी आधी कोरडे दाणे आणले. कोणत्या कंपनीचे ते लिहीत नाही, कारण दोष माझा होता. गोट्याने वास घेतला, पंजाने माती लोटल्यासारखं केलं आणि निघून गेला. मी ठरवलं, भूक लागली की खाईल. आपल्याकडे मुलांनाही असंच म्हणतात ना. दीड दिवस त्याने काही खाल्लं नाही. डॉक्टरांना सहज म्हणून सांगितलं तर ते भडकलेच. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून ते खडा राहिला बाजूला, त्यानेच जाऊ शकतं. कुत्र्याचा नियम मांजराला लावायचा नाही. मग रीतसर केलं: पहिले दोन दिवस पाव भाग नवं, पाऊण जुनं, असं वाढवत नेलं. पुस्तकात सात दिवस लिहितात, आम्हाला अकरा लागले. दाणे कोमट पाण्यात भिजवले की वास सुटतो आणि तो खातो, हे नवव्या दिवशी कळलं.

आणि तिथेच मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली सापडली, असं मी मानते. आपण पैसे खाण्याचे देतो, पण काम निम्मं पाणी करतं. मांजराचे पूर्वज वाळवंटी रानमांजरं. तहान कमी लागायची आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं, ही सवय अजून अंगात आहे. उंदीर खाणाऱ्याला उंदरातूनच पाणी मिळतं. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम ८-१० टक्के, ओल्या खाण्याच्या पाऊचमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून पासष्ट-सत्तर मिली पाणी न मागता पोटात. लघवी पातळ झाली की क्षार एकत्र येऊन बसायला जागा मिळत नाही.

आता आमचा हिशेब असा: सकाळी एक पाऊच, त्यात तीन चमचे पाणी वरून, दुपारी आणि रात्री मिळून ३५ ग्रॅम दाणे, तेही भिजवून. काटा स्वयंपाकघरातला. परिणाम मी ट्रेमध्ये मोजते. आमची वाळू गोळा होणारी आहे. आधी दिवसाला दोन बारके गोळे निघायचे, सुपारीएवढे. आता चार, लिंबाएवढे. (नागपूरची असून संत्र्याएवढे म्हणत नाही, यावरून माझा प्रामाणिकपणा ओळखा.) गोळा अचानक बारका झाला की मी सावध होते. बाबांनी तर कालनिर्णयवर रोजची नोंद सुरू केली, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी.

चार आठवड्यांनी फोटो: बारका खडा गायब, मोठा निम्मा. सात आठवड्यांनी मूत्राशय स्वच्छ. ऑपरेशन टळलं. विरघळवणारं खाणं त्यानंतरही महिनाभर दिलं, कारण फोटोत न दिसणारे कण उरू शकतात.

मधल्या काळात एक गडबड झाली होती. पाचव्या आठवड्यात पीएच पुन्हा ७च्या वर. खाणं तेच, पाणी तेच, काही कळेना. शेवटी कळलं. रविवारी सावजीचं चिकन आलं की बाबा एक तुकडा नळाखाली धुऊन गोट्याला देत होते. ‘धुतलं ना बाप्पा, तिखट नाही राहिलं त्यात.’ प्रश्न तिखटाचा नव्हता, बाबा. सोबत शेजारच्या काकूंची सुकट. सुकटीत मीठ आणि क्षार दोन्ही भरपूर. औषधी खाण्याचं गणित ते एकटं पोटात गेलं तरच जमतं, वरून दहा टक्के इकडचं-तिकडचं आलं की मोडतं. मी बाबांवर ओरडले नाही. पिशवीतले त्याच्या वाट्याचे पंधरा दाणे वेगळ्या डबीत काढून बाबांकडे दिले, लाड करायचे तर यातून करा. चाललं.

नागपूरच्या उन्हाळ्यात या खाण्याचा अनुभव कुठे लिहिलेला सापडला नाही, म्हणून जरा लांबण लावते. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा ओलं खाणं ताटलीत अर्ध्या तासात वासायला लागतं, आणि एकदा वास आला की गोट्या ते दिवसभर शिवत नाही. मी पाऊचचे दोन भाग करते, अर्धा फ्रिजमध्ये, आणि देताना कोमट पाण्याने गारवा मोडते. दाण्यांची पिशवी उघडली की पत्र्याच्या डब्यात, कूलरपासून लांब. कूलरच्या दमट हवेने दाणे मऊ पडतात आणि खवट वास येतो. पाण्याची भांडी चार केली, एकही खाण्याशेजारी नाही. स्टीलच्या वाटीपेक्षा त्याला मातीचं पसरट भांडं आवडलं. सगळ्यात जास्त आवडलं कूलरच्या टाकीतलं पाणी, पण त्यात डासांसाठी औषध टाकलेलं असतं, म्हणून टाकीवर जाळी बसवली. बोअरच्या पाण्याने खडा होतो का, हे सगळे विचारतात. डॉक्टर म्हणाले, पाणी कोणतं यापेक्षा किती, हे बघा.

आणि त्याच मे महिन्यात पुन्हा लघवीत रक्त. माझे हातपाय गळाले. यावेळी थेंब थेंब का होईना लघवी होत होती, आणि फोटोत खडा नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, घरात काय चाललंय? चुलतभावाचं लग्न, सतरा पाहुणे, हॉलला नवा रंग, ट्रे बाल्कनीत हलवलेला. हे खड्याचं दुखणं नव्हतंच. मांजरांच्या लघवीच्या तक्रारींत सगळ्यात जास्त प्रमाण अशाच दाहाचं असतं, ज्यात ना खडा सापडतो ना जंतू, आणि मागे बऱ्याचदा ताण असतो. खड्यांचा वाटा त्यापेक्षा पुष्कळ कमी. वर म्हटलेला ‘स्ट्रेस’ प्रकार यासाठी असतो. आम्ही तो घेतला नाही. ट्रे जागेवर आणला, एक जास्तीचा ठेवला, कपाटावर त्याला बसायला गोधडी टाकली. पाहुणे गेले, आठवड्यात गोट्या बरा.

तक्रारी आहेत. महिन्याचा खर्च पाच हजारांच्या आसपास जातो, साध्या खाण्याच्या दुपटीहून जास्त. शहरातल्या दुकानांत पाऊच कधी आहेत कधी नाहीत. ऑनलाइन मागवलेला एक खोका फुगलेल्या पाऊचसकट आला आणि परत घ्यायला त्यांनी बारा दिवस लावले. पंधरा दिवसांचा साठा घरात ठेवतेच. वजन पहिल्या तीन महिन्यांत साडेपाच किलो झालं, कारण मी दाणे वाटीने घालत होते. काट्यावर आल्यापासून पाच. दुसरी मांजर चिंगी दहा महिन्यांची आहे, तिला हे द्यायचं नाही, वाढत्या पिल्लांसाठी ते नाही. गाभण मांजरी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनाही नाही. त्यामुळे दोघांची ताटं दोन खोल्यांत आणि मधलं दार बंद. वीस मिनिटं मी दाराला पाठ लावून बसते.

खर्चाने दमला असाल तर माझ्या मते दाणे पूर्ण, पाऊच अर्धा, पाणी दुप्पट असं करा, पण खाणं बंद करून ‘घरचं’ सुरू करू नका. तपासण्यांसाठी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही पर्याय आहे, सकाळी लवकर जा.

पुढची लघवी तपासणी जुलैत. कालनिर्णयवर आजच्या चौकोनात बाबांच्या अक्षरात लिहिलंय: दूध १ लिटर, गोट्या ४, एक मोठा.