ऑर्डर झाल्यावर डिलिव्हरी चार्ज मागणारं दुकान: रिव्ह्यू

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ही नावं टिकतच नाहीत, एक साइट बंद झाली की तेच फोटो आणि तीच मांडणी घेऊन दुसऱ्या नावाने उघडते, त्यामुळे नावापेक्षा त्यांची पद्धत ओळखता येणं जास्त गरजेचं आहे.

ताईने तिथून फोल्डिंग टेबल मागवलं होतं. फ्री डिलिव्हरी असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, कार्डने पैसे भरले, ऑर्डर कन्फर्म झाल्याचा मेलसुद्धा आला. मग काही दिवसांनी मेसेज, की पत्ता अपूर्ण आहे, पार्सल अडकलंय, पुन्हा डिलिव्हरीसाठी थोडेसे पैसे भरा नाहीतर आज रात्री परत जाईल. रक्कम इतकी किरकोळ की माणूस म्हणतो जाऊदे, भरून टाकू. आणि ती किरकोळ ठेवतात ते याचसाठी. नशीब ताईने लिंक उघडायच्या आधी मला पाठवली.

साइट दिसायला एकदम नीट, खोटं नाही बोलत. पण रिटर्न पॉलिसी शेवटपर्यंत वाचली तर मध्येच दुसऱ्याच दुकानाचं नाव आलं, म्हणजे मजकूर उचलून चिकटवलेला. टेबलाचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर तोच फोटो भलत्याच साइट्सवर. साइटचं डोमेन कधी रजिस्टर झालंय ते हूइज सर्चमध्ये फुकट बघता येतं, इथे ते अगदी ताजं होतं आणि खाली मात्र वर्षानुवर्षांचा विश्वास वगैरे लिहिलेलं. रिव्ह्यू सगळे पाच स्टार, सगळे जवळजवळच्या तारखांचे.

सपोर्ट चॅटवर उत्तरं पटापट येत होती, अगदी आदराने. कुरियर कोणतं आणि ट्रॅकिंग नंबर काय विचारलं तर नंबर पण दिला, पण तो फक्त त्यांनी दिलेल्या लिंकवरच चालत होता, मी कुरियर कंपनीची साइट स्वतः टाइप करून तिथे टाकला तर असा नंबरच नाही. ते सांगितल्यावर चॅट बंद. मला विचाराल तर इतर सगळं तपासायला वेळ नसेल तरी एवढं एक कराच, नंबर कुरियरच्या खऱ्या साइटवर स्वतः टाकून बघा.

लिंकचं पण सांगते. पत्त्याच्या सुरुवातीला कुरियरचं नाव दिसतं म्हणून फसायचं नाही, पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या (/) लगेच आधी जे नाव असतं तीच खरी साइट. कुलपाचं चिन्ह असलं म्हणून दुकान खरं ठरत नाही, त्याने फक्त मधल्या मध्ये कोणी माहिती वाचू शकत नाही एवढंच होतं, पलीकडे चोर बसला असेल तर माहिती सुरक्षितपणे चोराकडेच जाते. आणि मेसेज कुरियरच्या जुन्या खऱ्या मेसेजेसच्या खालीच आला तरी खात्री धरू नका, पाठवणाऱ्याचं नाव खोटं लावता येतं.

ती लिंक उघडली की येणाऱ्या पानावर कार्ड नंबर, कार्डाच्या मागच्या बाजूचे तीन आकडे आणि मग ओटीपी मागतात, म्हणजे त्यांना ते किरकोळ पैसे नकोच असतात, कार्ड हवं असतं. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, बऱ्याचदा त्यात रक्कम लिहिलेली असते, किंवा कार्ड कुठल्यातरी फोनच्या वॉलेटला जोडलं जातंय असं असतं. काही जण दुसऱ्या रस्त्याने जातात, एक फी भरली की परत मिळणारा विमा, मग कस्टम, मग अजून काहीतरी. कुत्र्याची पिल्लं विकायच्या नावाखाली हे फार चालतं, खास पिंजरा, लस, विमा, आणि पिल्लू कधीच येत नाही. जीव लागलेला असतो म्हणून लोक भरत राहतात, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

खरं दुकान डिलिव्हरीचे पैसे ऑर्डर करतानाच, एकूण रकमेत दाखवून घेतं. परदेशातून येणाऱ्या पार्सलवर कस्टम ड्युटी नंतर मागितली जाऊ शकते हे खरंय, पण तीसुद्धा मेसेजमधल्या लिंकवरून न भरता कुरियरच्या साइटवर जाऊन बघायची.

टेबल अर्थातच आलं नाही. ताईने बँकेला कळवून कार्ड ब्लॉक केलं, व्यवहारावर तक्रार टाकली, मेल आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले, सायबर पोलिसांकडे पण नोंदवलं. कोणी पैसे भरून बसलं असेल तर हेच करा आणि लगेच करा, उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं. आणि नंतर कोणी फोन करून तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी प्रोसेसिंग फी भरा म्हणालं तर सरळ फोन ठेवा, फसलेल्या लोकांचे नंबर पुढे विकले जातात.