इंटर्नशिप कुठे करावी: जिल्ह्यातलं केबल चॅनेल की मुंबईची न्यूजरूम?

पत्रकारितेच्या वर्गातली मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांनी मनात आधीच ठरवलेलं असतं: मुंबई. लोगोचा मोह मलाही होता. मी कोल्हापुरात केबल चॅनेलला आणि नंतर मुंबईत सॅटेलाइट चॅनेलला अशी दोन्हीकडे उमेदवारी केली आहे. दोन्हीकडचं काम कसं असतं, ते सांगतो.

केबल चॅनेलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, हातात येतो. त्यात कौतुक काही नाही, माणसंच कमी असतात. कॅमेरामनच गाडी चालवतो, परत येऊन तोच एडिटला बसतो. तुम्ही बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) घ्यायची, स्क्रिप्ट लिहायची, जमलं तर व्हीओही, म्हणजे दृश्यांवरचा आवाजही, द्यायचा. संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये आपलंच वाक्य ऐकू येतं आणि ते किती लांबलंय हे तिथेच कळतं.

मी जुलैत रुजू झालो. कोल्हापूरच्या जुलैत बातमी एकच, पंचगंगेची पातळी. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. राधानगरी धरणाचे 7 स्वयंचलित दरवाजे त्यांच्या मर्जीने उघडतात, आणि एकेक दरवाजा उघडला की गाव टीव्हीसमोर बसतं. पातळीचा आकडा टिकरला, म्हणजे पडद्याखालच्या सरकत्या पट्टीत, टाकायचं काम माझ्याकडे होतं. एका रात्री माझ्या हातून 34 चे 43 टाइप झाले. दोन-तीन मिनिटंच गेली असतील, पण फोन सुरू झाले. सुतारवाड्यातल्या एका बाईंनी सामान बांधायला घेतलं होतं, तिथे पाणी सगळ्यात आधी शिरतं. संपादक ओरडले नाहीत. फोन माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, ‘आता प्रत्येकाला तूच सांग.’ रात्री साडेअकरापर्यंत सांगत होतो.

मुंबईत अशी चूक माझ्या हातून झालीच नसती, कारण तिथे इंटर्नला टिकरला हात लावू देत नाहीत! तिथे कामाच्या भिंती पक्क्या असतात. इनपुटवाले बातमी मिळवतात, आउटपुटवाले ती पडद्यावर आणतात. इंटर्न बहुतेक वेळा असाइनमेंट डेस्कवर बसतो. जिल्ह्यांतल्या स्ट्रिंगरनी (बातमीमागे पैसे घेणाऱ्या अर्धवेळ बातमीदारांनी) व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले व्हिज्युअल्स उतरवायचे, स्ट्रिंगरला फोन करून नावं-हुद्दे विचारायचे, बाईट ऐकून टाइमकोडसह, म्हणजे कितव्या मिनिट-सेकंदाला काय म्हटलं त्यासह, लिहून काढायची. पहिले तीन आठवडे मी फक्त बाईटच उतरवल्या. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू?

पण डोळे-कान उघडे ठेवले तर मुंबईची न्यूजरूम एक गोष्ट देते जी केबलवर मिळत नाही. बातमी कशी मरते ते दिसतं. दुपारी रनडाऊनमध्ये (बुलेटिनमधल्या बातम्यांच्या क्रमवार यादीत) तिसऱ्या नंबरवर असलेला ऊसदराचा मोर्चा चारला दहाव्यावर जातो आणि पाचला अँकरने वाचायच्या दोन ओळी उरतात. ज्या मोर्च्यावर आम्ही कोल्हापुरात पाच मिनिटं दिली असती, तो चाळीस सेकंदांत बसवणारा प्रोड्युसर शेजारी असतो. त्याच्या कापलेल्या स्क्रिप्ट्स मागून घ्या. लिहायला मी तिथे शिकलो.

दबाव दोन्हीकडे असतो, फक्त जात वेगळी. केबल चॅनेल स्थानिक जाहिरातींवर चालतं. नगरसेवकाचा वाढदिवस किंवा शोरूमचं उद्घाटन ‘कव्हर’ करायला पाठवतील तेव्हा ही बातमी आहे की जाहिरात, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. मुंबईत गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे प्रेक्षकसंख्येचे, आकडे येतात, त्या दिवशी वरिष्ठांच्या चेहऱ्यावरून हवामान कळतं.

आणखी एक सावधगिरी. कायदा सांगायला केबल चॅनेलमध्ये वेगळं माणूस क्वचितच असतं. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. बालकांबाबत पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं, कलम 23 आहे. नाव गाळून शाळा, गल्ली आणि वडिलांचा धंदा सांगितला, तरी ओळख उघड होतेच. गावात तर लगेच.

पैशांचं थोडक्यात. केबलवर फार तर पेट्रोल सुटतं. मुंबईत विद्यावेतन नसेल आणि राहायला नातेवाईक नसतील, तर खोलीभाडं आणि पहाटेच्या शिफ्टचा प्रवास धरून हिशेब कागदावर मांडा.

वरळीचं मुंबई दूरदर्शनही आहे, 2 ऑक्टोबर 1972 पासूनचं. वेग कमी, भाषेची काळजी जास्त. निवेदनाकडे ओढा असेल तर आधी तिथे विचारा.

माझा कौल असा: ज्याने अजून एकही बातमी शूट करून, कापून, लिहून पूर्ण केलेली नाही, त्याने जिल्ह्यात राहावं, तेही जुलै-ऑगस्टात किंवा निवडणुकीच्या तोंडावर. मे महिन्यात गेलात तर टंचाईच्या बैठका आणि सत्कार समारंभ करत बसाल. ज्याला कॅमेरा-एडिट येतं आणि ज्याच्याकडे दाखवायला स्वतःच्या चार-पाच पीटीसी (कॅमेऱ्याकडे बघून बातमीदाराने बोललेले तुकडे) आहेत, त्याने मुंबई गाठावी आणि आउटपुटला बसवण्याचा आग्रह धरावा. इनपुटला चिकटलात तर सहा आठवडे फोनवरच जातात.

रुजू होण्याआधी दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा: ‘माझी कॉपी कोण तपासणार?’ समोरच्याने एका माणसाचं नाव घेतलं तर जा. ‘सगळे आहेत ना’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.