विजयदुर्गची खाडी: छोट्या होडीला आडोसा हवा आणि तोही फुकट, तर इथे या

दोन ट्रिपा मिळून पाच रात्री होडी विजयदुर्गला नांगरून ठेवली. पैसे गेले शून्य आणि नांगर एकदाही सरकला नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू मनापासून लिहितोय, कारण कोकण किनाऱ्यावर छोटी होडी घेऊन फिरणाऱ्यांना रात्री कुठे थांबायचं हे कुणी नीट सांगत नाही, सगळे बीचचे फोटो टाकतात आणि बीचवर तर होडी रात्रभर ठेवता येतच नाही.

आमची होडी १९ फुटी, फायबरची, मागे बाहेरून लावलेलं २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, पाण्यात जेमतेम अर्धा मीटर बुडते. मी आणि माझा मामेभाऊ. फेब्रुवारीत रत्नागिरीहून निघालो, विजयदुर्ग साधारण २५ सागरी मैल, पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघालं की सकाळी आरामात पोचतो. दुपारी बाराच्या पुढे वायव्येचा वारा उठतो आणि मग छोट्या होडीत हाडं खिळखिळी होतात, तेव्हा पहाटेच निघा.

आधी जागेबद्दल. वाघोटन नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिण बाजूला जमिनीचं एक बोट पुढे आलंय आणि त्याच्या टोकावर किल्ला. म्हणजे नैऋत्येकडून येणारी लाट किल्ल्याच्या बाहेरच्या अंगावर आपटते आणि आत पूर्वेला गावाच्या बाजूला पाणी एकदम शांत. बाहेर तोंडावर पाणी फेसाळतंय आणि आत वळल्यावर पाच मिनिटांत स्टोव्हवर चहा ठेवता येतो, हे मी स्वतः केलंय. दुसरी गोष्ट त्याहून मोठी, खाडीच्या तोंडावर वाळूचा आडवा पट्टा नाही. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडावर असा पट्टा असतो, ओहोटीला त्यावर लाट फुटते आणि आत जायचं म्हणजे भरतीची वाट बघत बाहेर हेलकावे खात बसायचं. पूर्णगडला आम्ही तसे दीड तास बाहेर ताटकळलो होतो. विजयदुर्गला तसं नाही, कुठल्याही वेळी आत या. १८८० च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येसुद्धा हेच म्हटलंय की पट्टा नाही आणि कुठल्याही हवेत आत येता येतं. आंग्र्यांनी आरमारासाठी ही खाडी उगाच नाही निवडली. १७५६ मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांवर हल्ला केला तेव्हा आंग्र्यांची जहाजं याच बंदरात उभी होती, जिथे आपण आता नांगर टाकतो. रात्री होडीत पडून किल्ल्याची तटबंदी बघताना अंगावर काटा येतो, खरंच.

आता नांगर कुठे टाकायचा, कारण चुका इथेच होतात. किल्ल्याच्या पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडच्या बाजूला, अजिबात थांबू नका. तिकडे खडक आहेत आणि शिवाय पाण्याखाली दगडी भिंत आहे, सुमारे १२२ मीटर लांब, मराठ्यांच्या काळात शत्रूच्या जहाजांचे तळ फुटावेत म्हणून बांधलेली असं मानतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी पाण्यात उतरून तिचा अभ्यास केलाय. तेव्हा किल्ल्याच्या टोकाला लांबून वळसा घालून मगच आत या, शॉर्टकट नको.

आत आल्यावर जेटीच्या अगदी समोर पण थांबू नका, तिथे मच्छीमारांच्या होड्यांची आणि पर्यटकांच्या बोटींची ये-जा असते. २०२५ मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या यादीत गेलाय, ही वर्दळ वाढेलच. पहिल्या दिवशी आम्ही जेटीपासून थोडं पुढे नांगर टाकत होतो तर शेजारच्या होडीत जाळं साफ करत बसलेले एक म्हातारे काका ओरडले, "हय नको रे झिला, खाली कातळ असा. थय जरा पुढे जा, चिखल गावतलो." तसंच झालं, दोनशे-अडीचशे मीटर आत गेलो तर तळाला मऊ चिखल, नांगर टाकला, रिव्हर्स गिअर देऊन ताणला आणि होडी खुंटीला बांधल्यासारखी थांबली. म्हणून माझं स्पष्ट मत, कुठलंही ॲप असो, चार्ट असो, आधी तिथल्या माणसाला विचारा. ॲपवर खोली कळते पण तळाचा कातळ कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो ते त्या काकांनाच माहीत.

दोर किती सोडायचा ते सविस्तर लिहितो, कारण एका दुसऱ्या खाडीत (नाव नाही घेत) याच हिशोबात चुकून आमची होडी रात्री दोन वाजता वाहत जाऊन खारफुटीत अडकली होती. विजयदुर्गला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत साधारण दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, मुंबईइतका चार-साडेचार नाही, पण पडतो. समजा ओहोटीला पाणी तीन मीटर, भरतीला साडेपाच होणार, त्यात पाण्यापासून होडीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) उंची अर्धा-पाऊण मीटर धरा, झाले सव्वासहा. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे तीसेक मीटर दोर बाहेर पाहिजे, वारा असेल तर सातपट. लोक काय करतात, ओहोटीला येतात, तीन मीटर पाणी बघतात, पंधरा मीटर दोर सोडतात आणि झोपतात, मग भरतीला दोर उभा ताणला जातो आणि नांगर चिखलातून उपटला जातो. आमचंही तेव्हा अगदी असंच झालं होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल तर जास्तच काळजी घ्या, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, फरक कमी असतो, पहिली ट्रिप शक्यतो तेव्हाच करा.

नांगराबद्दल पण सांगतो. किनाऱ्यावर सगळीकडे मिळतो तो चार हुकांचा लोखंडी नांगर कातळाला बरा, चिखलात मात्र नुसता ओढला जातो. आम्ही डॅनफोर्थ पद्धतीचा, दोन चपट्या पात्यांचा, सात किलोचा घेतला, त्याला पाच मीटर गॅल्व्हनाइज्ड साखळी आणि पुढे १२ मिमी नायलॉन दोर. साखळी हवीच, तिच्या वजनाने नांगराची दांडी तळाला आडवी राहते आणि पातं आत घुसतं. आणि दोर नायलॉनचाच घ्या, तो ताणतो आणि झटका खातो. निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर स्वस्त मिळतो पण तो पाण्यावर तरंगतो आणि रात्री दुसऱ्याच्या इंजिनाच्या पंख्यात जातो, मच्छीमार पहाटे तीन-चारला अंधारात निघतात, त्यांचा दिवस तुमच्यामुळे वाया जाऊ नये. याच कारणासाठी रात्रभर होडीवर उंचावर पांढरा दिवा लावा. सात मीटरपेक्षा लहान होडीला वाटेपासून दूर नांगरल्यावर नियमाने दिव्याची सक्ती नसते, पण लावा. सोलरवर चालणारा एलईडी दिवा पुरतो.

खाडीत होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहीलच असं नाही, ओहोटीचा ओढ जोरात असला की ती प्रवाहाकडे तोंड करते आणि दर सहा तासांनी गोल फिरते. त्यामुळे शेजारच्या होडीपासून अंतर ठेवा, शेजारची होडी दोन बाजूंनी नांगरलेली असेल तर ती फिरत नाही आणि तुम्ही फिरता, मग धडक. पहिल्या रात्री मी दर दोन तासांनी उठून किल्ल्याचा एक बुरूज आणि जेटीचा दिवा एका रेषेत आहेत का बघत होतो. दुसऱ्या रात्री ॲपवर अँकर अलार्म (होडी जागेवरून सरकली की वाजतो) लावून शांत झोपलो.

जागेत एकच खोट सापडली आणि ती एप्रिलच्या ट्रिपला. वायव्येचा वारा जोरात असला की किल्ल्याच्या टोकाला वळसा घालून थोडी लाट आत येते आणि गावासमोर होडी रात्री डुलत राहते, धोका नाही पण झोप लागत नाही. उपाय सोपा, अजून आत जा. खाडीत साधारण तीन किलोमीटरवर रामेश्वरची जुनी आरमारी गोदी आहे, कातळ खोदून केलेली, मराठ्यांची जहाजं दुरुस्तीला तिथे घ्यायचे. त्या बाजूला गेलो तर पाणी आरशासारखं. डास मात्र भरपूर, मच्छरदाणी न्या. आणि गोदीच्या आत होडी घुसवू नका, गाळ भरलाय आणि वारसा आहे तो, बाहेरूनच बघा.

फुकटचं नक्की काय ते सांगतो. आमच्याकडे कुणी एक रुपया मागितला नाही, पण पोचल्या पोचल्या आम्ही बंदराच्या ऑफिसात जाऊन होडीची कागदपत्रं आणि दोघांचे आधार दाखवले, किती रात्री थांबणार ते सांगितलं. २६/११ नंतर किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली की चौकशी होणारच आणि झालीच पाहिजे. न सांगता थांबलात आणि रात्री सागरी पोलिसांची बोट आली तर तक्रार करू नका. जेटीला होडी बांधून ठेवणं वेगळं, तिथे माल आणि माणसं उतरतात, आम्ही फक्त सामान उतरवायला दहा मिनिटं तिथे होडी लावली. तुलनेसाठी सांगतो, मुंबईजवळ एका खासगी ठिकाणी आम्ही महिन्याचे पैसे भरून होडी ठेवली होती, तिथे दोर घासून अर्धा तुटला तरी कुणी फोन केला नाही. इथे आम्ही किल्ला बघायला गेलो असताना त्याच काकांनी आमच्या होडीवर लक्ष ठेवलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, दुसऱ्या खेपेला त्यांच्यासाठी चांगला नायलॉन दोर घेऊन गेलो, तो मात्र घेतला.

सोयी बेताच्या. एसटी स्टँड आणि किल्ला जवळजवळ, माशाची थाळी छान मिळते, पिण्याचं पाणी गावातून कॅनमध्ये भरून मिळालं. पेट्रोल मात्र रिक्षाने कॅन पाठवून आणावं लागलं, त्यात अर्धा दिवस गेला, तेव्हा टाकी भरूनच या.

पुढे कुठे जाऊ असं विचाराल तर देवगड, ११-१२ सागरी मैलांवर. ते बंदर विजयदुर्गपेक्षाही जास्त बंदिस्त आहे, चारी बाजूंनी जमीन असल्यासारखं, पण ट्रॉलरची इतकी गर्दी की छोट्या होडीला फिरायला जागा मिळत नाही आणि डिझेलचा वास रात्रभर. मालवण दिसायला सुंदर, पण पाण्याखाली खडकच खडक, अनोळखी माणसाने रात्री शिरू नये. जयगडची खाडी चांगली आहे पण तिथे मोठी जहाजं येतात, त्यांच्या वाटेत सापडू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो वायव्येच्या लाटेसाठी. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत जा, जून-जुलैमध्ये मच्छीमारांच्या यांत्रिक बोटीसुद्धा बंद असतात, तेव्हा आपण बाहेर पडायचं कारण नाही. निघायच्या आदल्या दिवशी इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) साइटवर लाटांचा अंदाज बघा, फुकट आहे, आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर दोघांच्याही फोनमध्ये सेव्ह करा. कुणी दसऱ्यानंतर जाणार असेल तर खाली लिहा, आम्ही रत्नागिरीहून निघणार आहोत, दोन होड्या सोबत असल्या तर बरं पडेल.