व्हॅरियन ए-60: चुंबकापेक्षा कागदाची करामत

कॅलिफोर्नियातील पालो आल्टोच्या व्हॅरियन कंपनीने 1961 साली बाजारात आणलेले ए-60 हे एनएमआर यंत्र (चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या रेणूतील अणुकेंद्रकांचे रेडिओ-संकेत आलेखावर उमटवणारे यंत्र) जोखताना चुंबकाआधी त्याचा कागद पाहावा, असे माझे मत आहे. 60 मेगाहर्ट्झ वारंवारता आणि 14,100 गाउस चुंबकीय क्षेत्र ही क्षमता त्याच कंपनीच्या जुन्या एचआर-60मध्येही होती. मात्र त्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकत असल्याने प्रत्येक आलेखाची मोजपट्टी नव्याने ठरवावी लागे आणि जवळ जाणकार भौतिकशास्त्रज्ञ लागे. ए-60मध्ये पाण्याचा एक वेगळा नमुना आतच बसवलेला आहे. त्याच्या संकेतावरून क्षेत्र व वारंवारता यांचे गुणोत्तर बांधले जाते, आणि म्हणूनच आधीच अंक छापलेल्या कागदावर पेन विश्वासाने फिरते.

या सुखसोयीची खरी किंमत 1951 आठवल्यावर कळते. त्या वर्षी स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड यांनी इथेनॉलचे तीन वेगळे संकेत दाखवले. त्यांची क्षेत्रफळे 3:2:1 होती, म्हणजे रेणूतील हायड्रोजनांचे तीन गट सरळ मोजता आले. (यांतील धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.) दहा वर्षांनी तेच काम एखादा संशोधक विद्यार्थी काही मिनिटांत करू लागला.

विद्यार्थिदशेत मी याच पठडीतल्या एका यंत्रावर काम केले आहे. पाच मिलिमीटरची काचनळी हवेच्या झोताने गरगर फिरते, आणि ती जरा वाकडी असली तर प्रत्येक शिखराच्या दोन्ही बाजूंना खोट्या छोट्या शिखरांची पिल्ले उगवतात. मोजपट्टीचे शून्य ठरवण्यासाठी नमुन्यात टाकायचे टीएमएस (टेट्रामेथिलसिलेन हे द्रव) सुमारे 27 अंशांनाच उकळते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली फ्रिजबाहेर राहिली की संपलीच.

उणिवा मोठ्या आहेत. यंत्र फक्त हायड्रोजन पाहते, कार्बन नाही. नमुना वीस-तीस मिलिग्रॅम तरी हवा. आणि स्टेरॉइडसारख्या रेणूचे मेथिलीन (CH₂) गटांचे संकेत एकाच ढिगाऱ्यात गाडले जातात. साध्या रेणूंना मात्र ते पुरून उरते. शिवाय कंपनीने 1962 मध्ये वर्णपटांचा (म्हणजे अशा आलेखांचा) संग्रहही काढला, त्यामुळे आपले आकडे त्यातल्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येतात.