सेकंड हँड लॅपटॉप, दीड जीबी डेटा आणि डेव्हऑप्स: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीनंतर सोयाबीनच्या पैशांतून नागपूरहून सेकंड हँड लॅपटॉप आणला: ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि जेमतेम ४० मिनिटे टिकणारी बॅटरी. त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकून आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावी, घरीच डेव्हऑप्सचा, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालू ठेवण्याच्या कामाचा, अभ्यास सुरू केला. नोकरी अद्याप लागलेली नाही, त्यामुळे हा अभिप्राय यशोगाथा म्हणून वाचू नये.

पहिले दोन महिने माझ्याच चुकीने वाया गेले. कंटेनर म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींसह वेगळे बांधलेले ॲप, आणि असे अनेक कंटेनर सांभाळणारी प्रणाली म्हणजे कुबरनेटिस. ते आल्याशिवाय कोणी विचारत नाही, असे ऐकून मी थेट मिनीक्यूब, म्हणजे एकाच संगणकावर चालणारे सरावाचे कुबरनेटिस, घेऊन बसले. त्याला किमान २ सीपीयू, २ जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी जागा लागते. हिशेबात ते बसत होते, पण सोबत ब्राउझर उघडला की सारे गोठायचे, आणि पॉड (कुबरनेटिसमधला कंटेनरचा गट) का पडला हे कळण्याइतके लिनक्सच मला येत नव्हते. मग मागे फिरून प्रोसेस, परवानग्या, सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम), शेल स्क्रिप्ट आणि कोडमधले बदल नोंदवून ठेवणारे गिट शिकले. गिट तर खेड्यासाठीच घडवल्यासारखे आहे. बदलांची नोंद (कमिट), कोडची वेगळी शाखा (ब्रांच), जुना इतिहास, सगळे नेटविना चालते आणि रेंज आली की ते सर्व्हरवर पाठवता (पुश करता) येते.

कंटेनर बनवून चालवणाऱ्या डॉकरने मात्र खरी परीक्षा पाहिली, कारण आमच्याकडे रॅमपेक्षा डेटाची टंचाई मोठी. कृषिपंपाची वीज रात्रपाळीची असे तेव्हा बाबा उन्हाळी भुईमुगाच्या ओलितासाठी निघत आणि मी, बारा वाजता नव्या दिवसाचा दीड जीबी सुरू झाला की, स्लॅबवर इमेज (कंटेनरचे तयार साचे) उतरवीत बसत असे. माझ्या डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बनवण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये, आधी सगळा कोड कॉपी होई आणि मग पिप इन्स्टॉल, म्हणजे पायथॉनच्या लायब्ररी उतरवणारी कमांड. कोडमधला एक स्वल्पविराम बदलला तरी इमेजचे पुढचे थर (लेयर) रद्द होऊन साऱ्या लायब्ररी पुन्हा डाउनलोड व्हायच्या. लायब्ररींची यादी असलेली रिक्वायरमेंट्सची फाइल आधी, इन्स्टॉल त्यानंतर आणि कोड शेवटी, एवढा क्रम बदलला आणि तो खर्च थांबला. पुढे जागा मोकळी करायला ‘डॉकर सिस्टिम प्रून’ ही कमांड वापरात नसलेल्या सगळ्या इमेज पुसणाऱ्या ‘ए’ पर्यायासह चालवली, तेव्हा आठवडाभर साठवलेल्या इमेज एका एंटरने गेल्या, ती गोष्ट वेगळी.

असा जुना लॅपटॉप घेणाऱ्याने रॅमचा आणखी एक स्लॉट रिकामा आहे का, हे दुकानातच पाहावे. मी सध्या मिनीक्यूबऐवजी के३एस, म्हणजे कुबरनेटिसची हलकी आवृत्ती, वापरते. ते ८ जीबीत निभते.

गेल्या महिन्यात एका ऑनलाइन मुलाखतीत विचारले, कंटेनर १३७ कोडने बंद पडला तर काय समजाल? १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल (प्रोसेस सक्तीने बंद करणारा ९ क्रमांकाचा सिग्नल), बहुधा मेमरी संपली. त्या वाया गेलेल्या दोन महिन्यांत हा आकडा मी इतक्यांदा पाहिला होता की उत्तर आठवावे लागले नाही. पुढचा प्रश्न अर्ध्यावर असताना गावातली लाइन गेली आणि तिच्यामागोमाग टॉवरची रेंजही.