मिनी ट्रॅक्टरला घरचं वजन: लोखंडी प्लेटा, काँक्रीट की टायरमध्ये पाणी?

निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षबागांत १८ ते २८ एचपीचा ट्रॅक्टर वजन मागतो तो मुख्यतः दोन कारणांनी. लिफ्टवरच्या ब्लोअरची (पंख्याच्या हवेने औषध फवारणाऱ्या यंत्राची) टाकी भरली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. नाहीतर ऑक्टोबर छाटणीनंतर काळ्या जमिनीत ओल असताना मागची चाकं जागच्या जागी फिरतात. पहिल्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध चालत नाही. मागच्या टायरमधलं पाणी मागच्या अ‍ॅक्सलवरच बसतं आणि ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं ते त्याच अ‍ॅक्सलवर टेकून. म्हणजे तोंड दाबायला त्या पाण्याचा उपयोग शून्य. (ओढून न्यायचा ५००-६०० लिटरचा ब्लोअर स्वतःच्या चाकांवर असतो, त्याला पुढच्या वजनाची फारशी गरज पडत नाही.)

आधी किती वजन लागेल ते काढा. समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा आहे, त्यातले ३२० किलो पुढे आणि दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये १.४५ मीटर अंतर. मागे २०० लिटरचा ब्लोअर, पाण्यासह ३०० किलो, त्याचा भार मागच्या अ‍ॅक्सलपासून ०.९ मीटर मागे. मग पुढून ३०० × ०.९ ÷ १.४५ म्हणजे १८६ किलो उचलले जातात आणि पुढे उरतात १३४. एकूण वजनाच्या निदान २० टक्के पुढच्या चाकांवर हवेत, म्हणजे ११०० पैकी २२०. पुढच्या अ‍ॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे टांगलेलं वजन तरफेमुळे आपल्या तिपटीने नाही, पण सव्वा-दीडपटीच्या मध्ये कुठेतरी काम करतं. त्यामुळे इथे ८० किलोंच्या आसपास पुरतात. आपल्या ट्रॅक्टरचे आकडे घालून हेच गणित करा; पुढचं वजन काट्यावर फक्त पुढची चाकं चढवून मिळतं.

पुढे टांगायला आमचं मत सरळ लोखंडी प्लेटांच्या बाजूने आहे. ३०० × ३०० मिलीमीटरची २५ मिलीमीटर जाड प्लेट साधारण १७.७ किलो भरते. पाच प्लेटा ८८ किलो, आणि एकत्र जाडी फक्त १२५ मिलीमीटर. तेवढंच वजन काँक्रीटचं करायचं तर ३५ लिटरहून मोठा ठोकळा होतो. तो रेडिएटरची हवा अडवतो, बॉनेट उघडू देत नाही आणि ओळीच्या टोकाला वळताना तारेच्या ताणाला अडकतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये प्लेटांचे कटपीस मिळाले तर गॅस कटिंगचा खर्चही वाचतो.

भोकं मात्र ड्रिलनेच पाडून घ्या. १६ मिलीमीटरच्या बोल्टला १८ चं भोक. गॅसने पाडलेलं भोक ओबडधोबड राहतं, प्लेट त्यात हलते आणि बोल्ट ढिला होत जातो. किमान दोन लांब बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक नट आणि जाड वॉशर. ब्रॅकेट १२ मिलीमीटर प्लेटचं, आणि ते चासीच्या पुढच्या कास्टिंगवर कंपनीने दिलेल्या आट्यांच्या भोकांतच बसवायचं. त्या कास्टिंगवर वेल्डिंग करू नका, वेल्डच्या कडेने तडा जातो. शोच्या बंपरला टांगणं तर विसराच. पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे नट पुन्हा आवळा. प्लेटा सुट्या ठेवण्याचा फायदा असा की ब्लोअर काढला की एकटा माणूस त्या उतरवू शकतो. ट्रकचे जुने ब्रेक ड्रम स्वस्त पडतात खरे, पण ते कास्टचे असल्याने वेल्डिंगला भरवशाचे नाहीत. बोल्टनेच जोडावे लागतात, आणि पुढे गोल फुगवटा येतो.

काँक्रीटची जागा मागे आहे: पुढे लोडर किंवा डोझर लावला असेल तेव्हा. २०० लिटरचा ड्रम निम्म्यावर कापला की १०० लिटरच्या वर जागा मिळते, भरल्यावर साधारण २५० किलो. सिमेंटची एक गोणी (३५ लिटर), दीडपट क्रश सँड, तिप्पट खडी, पाणी २२ ते २५ लिटर. पण कापण्याआधी दोन्ही लोअर लिंकमधलं (लिफ्टच्या खालच्या हातांमधलं) अंतर मोजा. लिफ्टच्या जोडणीच्या ठरलेल्या मापांपैकी कॅटेगरी १ मध्ये ते ६८३ मिलीमीटर असतं, अरुंद १एन मध्ये फक्त ४००. तिथे ५७-५८ सेंटीमीटरचा ड्रम मावतच नाही. अशा ट्रॅक्टरला ३६ सेंटीमीटर रुंद, ६० लांब, ४५ उंच पेटीच करावी.

सगळ्यात जास्त बिघडतो तो आडवा शाफ्ट. २२ मिलीमीटरचा गुळगुळीत शाफ्ट थेट काँक्रीटमध्ये गाडला की तो आतच फिरू लागतो आणि भोक मोठं होतं. शाफ्टच्या ईएन-८ पोलादाला (मध्यम कार्बनचं) सळया वेल्ड केल्या तर जोडाशेजारी तडे जातात. त्यापेक्षा आत साधा लोखंडी पाइप गाडा, त्याला १२ च्या सळयांची जाळी वेल्ड करा आणि शाफ्ट त्यातून आरपार घालून पिन लावा. कॅटेगरी १ मध्ये टॉप लिंकचं (लिफ्टच्या वरच्या हाताचं) १९ चं भोक शाफ्टपासून ४६० मिलीमीटर वर, दोन ५० × १० च्या पट्ट्यांत. पट्ट्यांची खालची टोकंही त्याच जाळीला वेल्ड झालेली हवीत. दहा दिवस पाणी मारा, तीन आठवडे उचलू नका. वजन वाढवायला पंचिंगचे लोखंडी तुकडे टाकता येतात. लेथचा तेलकट बुरा नको, सिमेंट त्याला धरत नाही.

चाकं घसरत असतील तर सगळ्यात स्वस्त उपाय पाणी. व्हॉल्व्ह वर ठेवून, त्याच्या पातळीपर्यंत म्हणजे ७५ टक्के भरायचं, ८.३-२४ च्या टायरमध्ये सुमारे ७० लिटर बसतं, दोन्ही मिळून १४० किलो. थंड देशांत त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, पाणी गोठू नये म्हणून. निफाडच्या थंडीत टायरमधलं पाणी गोठत नाही, आणि ते मीठ रिम मात्र खातं. तोटे दोन: पंक्चर काढणं कटकटीचं होतं, आणि हे वजन उन्हाळ्यातही सोबत फिरून मुळांजवळची माती दाबतं. म्हणून आधी घसरण मोजा. टायरला खडूने खूण करून अवजार वर असताना दहा फेऱ्यांत किती मीटर जातो ते पाहा, मग अवजार लावून. ३० चे २६ झाले तर घसरण १३ टक्के, काहीच घालू नका. २४ च्या खाली आले तर पाणी भरा.

कंपनीची तयार वजनं घ्यावीत ती वॉरंटीतल्या ट्रॅक्टरला, आणि ब्रॅकेट त्याच मॉडेलचं मिळत असेल तरच. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. घरचं असो की कंपनीचं, वजन तिच्या आत ठेवा, नाहीतर आधी सील गळतात आणि मग बेअरिंग जातं.